'सुवर्णकाळा'ची प्रतिमा : युरोपीय एकआसनी मोटारशर्यतींच्या छायाचित्रणाची चिकित्सा (१९५० ते १९७३)

प्रस्तावना

क्रीडाप्रसंगाचे छायाचित्र हे एकाच वेळी वृत्त, दस्तऐवज आणि कलाकृती असते. प्रसंग ताजा असताना त्याचे वृत्तमूल्य प्रभावी ठरते. काळ लोटल्यावर दस्तऐवज आणि कलाकृती ही त्याची दोन रूपे पुढे येतात. युरोपातील एकआसनी मोटारींच्या शर्यती, म्हणजेच ग्रां प्री शर्यती, या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. मे १९५० मध्ये इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे फॉर्म्युला वन जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची पहिली शर्यत झाली. तेव्हापासून १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंतचा कालखंड आज अनेक छायाचित्रसंग्रहांत 'सुवर्णकाळ' म्हणून गौरवला जातो. हे सुवर्णत्व शर्यतींचे किती आणि त्यांच्या छायाचित्रांचे किती, असा प्रश्न प्रस्तुत लेखात उपस्थित केला आहे. या छायाचित्रांचे सौंदर्य ज्या निकटतेतून निर्माण झाले, ती निकटता असुरक्षिततेची दुसरी बाजू होती. म्हणून या प्रतिमांचा आस्वाद त्यांच्या किमतीसह घेतला पाहिजे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

वेगाचे चित्रण : तंत्र आणि दृष्टी

वेग हा डोळ्यांना जाणवतो, पण स्थिरचित्रात तो मावत नाही. ही मूलभूत अडचण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराच्या एका चित्रातून स्पष्ट झाली होती. फ्रेंच ग्रां प्रीतील धावत्या मोटारीचे चाक त्यात लंबवर्तुळाकार होऊन पुढे झुकलेले दिसते, तर रस्त्याकडेचे प्रेक्षक विरुद्ध दिशेला कललेले दिसतात. पडदा-शटर सरकत असताना मोटार पुढे गेली आणि कॅमेराही वळत राहिला, यामुळे ही विकृती उद्भवली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६३ मध्ये लार्तिग यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले आणि त्यांच्या कामाला कलाकृती म्हणून व्यापक मान्यता मिळाली. यंत्राच्या मर्यादेतून उमटलेली विकृती वेगाची भाषा ठरली.

पुढील पिढीने ही भाषा जाणीवपूर्वक घडविली. ताशी १५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाच्या साठाव्या भागात सुमारे ७० सेंटिमीटर पुढे सरकते, तर हजाराव्या भागात सुमारे ४ सेंटिमीटर. अतिजलद शटर वापरल्यास चाकेही थांबल्यासारखी वाटतात आणि मोटार रस्त्यावर उभी केल्याचा भास होतो. म्हणून छायाचित्रकार मंद शटर ठेवून मोटारीबरोबर कॅमेरा फिरवीत असे. त्यामुळे चालक स्पष्ट येतो आणि पार्श्वभूमीच्या आडव्या रेषा होतात. स्वयंचलित फोकस नसल्याने रस्त्यावरचा एखादा बिंदू आधीच निश्चित करून मोटार तेथे येण्याची वाट पाहावी लागे.

संधीही मोजक्याच असत. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगचा मार्ग सुमारे २२.८ किलोमीटरचा होता. १९६२ च्या जर्मन ग्रां प्रीत त्याच्या १५ फेऱ्या झाल्या. म्हणजेच एका वळणावर उभ्या असलेल्या छायाचित्रकारापुढून विजेती मोटार संपूर्ण शर्यतीत केवळ १५ वेळा गेली. एवढ्या अल्प संधींत नेमके चित्र टिपण्यासाठी चालकाची शैली आधीच ओळखीची असावी लागे. १९५७ मध्ये रूआँ येथील फ्रेंच ग्रां प्रीत मॅसेराटी २५०एफ मोटार आडवी घसरवीत वळण घेणाऱ्या हुआन मान्युएल फान्जिओ यांची छायाचित्रे याची साक्ष देतात. मोटार एका दिशेला तोंड करून आहे, पुढची चाके दुसऱ्या दिशेला वळलेली आहेत आणि चालकाचे हात मात्र शांत आहेत. चित्र पाहणाऱ्याला येथे वेगापेक्षा कौशल्य अधिक दिसते.

चेहरा : या छायाचित्रणाचे केंद्र

या कालखंडातील छायाचित्रांचे खरे केंद्र यंत्र नसून चालकाचा चेहरा आहे. १९५० च्या दशकात इंजिन पुढे असे आणि चालक त्याच्या मागे ताठ बसे. त्याचे खांदे, कोपरे, मनगटे आणि गॉगलखालचा चेहरा रस्त्याच्या कडेवरून दिसे. १९६२ मध्ये आलेल्या लोटस २५ या मोटारीत चालक जवळजवळ आडवा झाला आणि शरीराचा मोठा भाग मोटारीच्या आत गेला. १९६८ च्या जर्मन ग्रां प्रीत अमेरिकन चालक डॅन गर्नी यांनी संपूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण वापरले आणि अल्पावधीत ते सर्वत्र रूढ झाले. चालकाच्या जिवासाठी हा बदल हिताचा होता. छायाचित्रकाराने मात्र त्यात आपला मुख्य विषय गमावला. त्याच १९६८ मध्ये लोटस संघाच्या मोटारींवर सिगारेट कंपनीचे रंग आले. ब्रिटिश हिरवा, इटालियन लाल, फ्रेंच निळा अशा राष्ट्रीय रंगांची जागा हळूहळू जाहिरातीने घेतली.

चेहऱ्याकडे पाहण्याच्या पद्धतींत छायाचित्रकारांनुसार भेद आढळतो. फ्रेंच पत्रकार-छायाचित्रकार बेर्नार काहिए (१९२७-२००८) हे चालकांच्या मित्रवर्तुळात वावरत. त्यांच्या चित्रांत जिव्हाळा आहे, परंतु मित्राच्या नजरेतील सौजन्यामुळे या जगातील ताण काहीसा मागे राहतो. अमेरिकन जेसी अलेक्झांडर यांनी शर्यतीआधीच्या आणि नंतरच्या क्षणांना महत्त्व दिले. जर्मन छायाचित्रकार रायनर श्लेगेलमिल्श यांनी १९६२ मध्ये न्युर्बुर्गरिंग येथे कामास आरंभ केला तोच मुख्यतः चालकांच्या व्यक्तिचित्रांनी.

शर्यतीआधीच्या प्रतीक्षेची चित्रे आज अधिक बोलकी वाटतात. पिटच्या कठड्याशी स्टॉपवॉच हाती घेऊन फेऱ्यांची वेळ नोंदविणाऱ्या चालकांच्या पत्नी हा त्या काळचा परिचित विषय होता. योखेन रिंट यांच्या पत्नी नीना यांची अशी अनेक छायाचित्रे आहेत. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथील सरावात रिंट यांचा मृत्यू झाला आणि त्या वर्षाचे अजिंक्यपद त्यांना मरणोत्तर मिळाले. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्या छायाचित्रांतील घड्याळ केवळ फेरीची वेळ मोजणारे राहत नाही. छायाचित्र तेच असते, पण त्याचा अर्थ पुढील घटनेने बदललेला असतो.

निकटतेची किंमत

छायाचित्रकाराला चालकाचा चेहरा इतक्या जवळून टिपता आला, कारण दोघांमध्ये काहीच नव्हते. अनेक ठिकाणी संरक्षक कठडा नव्हता. झाडे, दगडी कुंपणे आणि घरांच्या भिंती मार्गालगत होत्या. कोठे पेंढ्याचे गठ्ठे रचलेले असत, तेवढाच आडोसा. १९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे एकाच शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि ॲलन स्टेसी हे दोन तरुण चालक मरण पावले. १९६१ मध्ये मोंझा येथे वोल्फगांग फॉन ट्रिप्स यांच्यासह प्रेक्षकांचाही बळी गेला. १९६७ मध्ये मोनॅको येथे लोरेन्झो बांदिनी यांची मोटार उलटून पेटली आणि कडेचे पेंढ्याचे गठ्ठेही जळू लागले. तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. १९६८ मध्ये हॉकेनहाइम येथील फॉर्म्युला टू शर्यतीत जिम क्लार्क गेले.

त्या काळी लिहिल्या गेलेल्या पुस्तकांची शीर्षके येथे लक्षणीय ठरतात. रॉबर्ट डेली यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाचे नाव 'द क्रूएल स्पोर्ट', अर्थात 'क्रूर खेळ' असे आहे. होर्स्ट बाउमान यांची रंगीत, धूसर, जवळजवळ अमूर्त छायाचित्रे असलेल्या १९६५ च्या जर्मन पुस्तकाचे शीर्षक 'नवे मॅटाडोर' या अर्थाचे आहे. बैलाशी झुंजणाऱ्याची उपमा त्यांना सुचली, हे अर्थपूर्ण आहे. जे मार्गाच्या कडेला उभे होते, त्यांनी या काळाला क्रूर म्हटले. 'सुवर्ण' हे विशेषण दूरवरून पाहणाऱ्या पुढच्या पिढीचे आहे.

या संपूर्ण चित्रपरंपरेला प्रश्न विचारणारी मालिका २९ जुलै १९७३ रोजी नेदरलँड्समधील झांडवोर्ट येथे टिपली गेली. रॉजर विल्यमसन यांची मोटार उलटून पेटली. दुसरे चालक डेव्हिड पर्ली आपली मोटार सोडून धावत आले आणि एकट्याने ती सरळ करण्याचा प्रयत्न करीत राहिले. अग्निरोधक पोशाख नसलेले स्वयंसेवक जवळ जाऊ शकले नाहीत. शर्यत चालूच राहिली आणि विल्यमसन वाचले नाहीत. पर्ली यांना पुढे ब्रिटनचे जॉर्ज पदक मिळाले. डच छायाचित्रकार कोर मोइ यांच्या या घटनेवरील छायाचित्रमालिकेला वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार लाभला. या चित्रांत वेगरेषा नाहीत, ढंगदार वळण नाही. एक माणूस, धूर आणि हतबल होऊन थांबलेले हात आहेत. येथील निकटता फान्जिओंच्या चित्रातील निकटतेसारखीच आहे. फरक इतकाच की, ती येथे सौंदर्याचा आधार घेऊ शकत नाही.

जॅकी स्ट्युअर्ट यांनी १९६६ मधील स्वतःच्या अपघातानंतर सुरक्षिततेसाठी सातत्याने आग्रह धरला. पुढे कठडे आणि मोकळी जागा आली, छायाचित्रकार मागे सरले आणि लांब पल्ल्याच्या भिंगांवर त्यांची भिस्त वाढली. त्यामुळे दृश्याची खोली कमी झाली, अशी खंत व्यक्त होते. ती कलादृष्ट्या खरी असली, तरी नैतिकदृष्ट्या अपुरी आहे. हरवलेली खोली आणि वाचलेले जीव ही एकाच निर्णयाची फळे आहेत.

निष्कर्ष

१. ग्रां प्री छायाचित्रणाचा हा कालखंड समृद्ध आहे. त्याची समृद्धी मर्यादित साधने, मोजक्या संधी आणि चालकाच्या उघड्या चेहऱ्यावर उभी आहे.

२. चेहरा झाकला जाणे, चालकाची बैठक बदलणे आणि कठडे येणे या तिन्ही गोष्टींनी या छायाचित्रणाची शैली संपुष्टात आणली. यांपैकी शिरस्त्राण आणि कठडे हे सुरक्षिततेचे उपाय होते.

३. 'सुवर्णकाळ' ही संज्ञा पश्चात्दृष्टीतून आलेली आहे. प्रत्यक्षदर्शी छायाचित्रकार-लेखकांनी क्रौर्य आणि झुंज या संकल्पनांचा अवलंब केला होता.

४. रूआँ येथील वळण आणि झांडवोर्ट येथील आग ही एकाच संग्रहातील दोन पाने मानावी लागतील. दुसरे पान वगळून केलेला पहिल्याचा गौरव समीक्षेच्या कसोटीवर टिकत नाही.