अणुभट्टीची अर्धी प्रतिकृती

बुलढाणा जिल्ह्यातील शालेय विज्ञान प्रदर्शनांत अणुभट्टीची प्रतिकृती आम्ही अनेकदा पाहिली आहे. थर्माकोलचा घुमट, आत रंगीत कांड्या, बाहेर लुकलुकणारा दिवा. साखळी अभिक्रिया कशी होते, ती काबूत कशी ठेवतात, हे मुले घडाघडा सांगतात. “भट्टी कायमची बंद केल्यावर तिचे काय करायचे?” असे विचारले, की उत्तर येते, “इंधन काढले की संपले!” दोष मुलांचा नाही, त्यांची प्रतिकृतीच तेथे संपते. आमचा आक्षेप या अर्धवटपणाला आहे.

इंधन काढले, तरी वर्षानुवर्षे न्यूट्रॉनांचा मारा सोसलेले पोलाद किरणोत्सर्गी झालेले असते. पोलादातील अल्पसे कोबाल्ट-५९ न्यूट्रॉन शोषून कोबाल्ट-६० बनते व तीव्र गॅमा किरण सोडते. त्याचा अर्धायुकाल सुमारे ५.३ वर्षे. दहा अर्धायुकालांनी, म्हणजे ५३ वर्षांनी, ते जेमतेम हजारावा हिस्सा उरते. म्हणूनच काही देशांत भट्टी कित्येक वर्षे तशीच ठेवून मग मोडतात. परंतु निकेल-६३ चा अर्धायुकाल सुमारे १०० वर्षे, तर निकेल-५९ चा सुमारे ७६,००० वर्षे आहे. नुसते थांबून भागत नाही. असे भाग बहुधा पाण्याखाली, दूरनियंत्रित अवजारांनी कापतात. पाणी किरणांना अडवते. तुकडे जाड आवरणाच्या पेट्यांत बंद करून दीर्घकाळ सांभाळावे लागतात.

उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ १९५६ साली सुरू झाली, २००९ साली बंद झाली. तिच्या जागी सुधारित ‘अप्सरा’ २०१८ साली कार्यान्वित झाली. ‘सायरस’ २०१० अखेर कायमची थांबली. मात्र जुनी ‘अप्सरा’ अवघ्या एक मेगावॅटची होती. तारापूरला १९६९ साली सुरू झालेल्या दोन भट्ट्यांची औष्णिक क्षमता तिच्या शेकडो पट. तेथील काम तितकेच सोपे असेल, असे मानू नये.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. प्रतिकृतीतील पोलादी भाग सुटे व लाल रंगाचे करावेत. शेजारी शंभर नाणी ठेवावीत; ती उधळून दर वेळी छाप पडलेली बाजूला काढावीत व उरलेली मोजावीत. अर्धायुकाल हाताला कळेल. लोणारच्या बेसाल्टचे वयही किरणोत्सर्गी ऱ्हासावरूनच काढतात, हे तेव्हाच सांगता येईल.

आजच्या भट्ट्या मोडण्याचे काम व खर्च याच मुलांच्या पिढीवर येणार आहे. त्यांना निदान प्रश्न तरी पुरा माहीत हवा.