साठ ओहमचा प्रश्न

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे स्थानक लागते. या भागातील जमीन काळी आणि भारी. 'जलयुक्त शिवार' (२०१४), 'मागेल त्याला शेततळे' (२०१६) यांसारख्या योजनांमुळे मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत पोकलेन आणि जेसीबी ही नावे नांगर-वखराइतकीच ओळखीची झाली. नवे यंत्र घेणे सगळ्यांना परवडत नाही, म्हणून कर्ज काढून सेकंडहँड यंत्र घेणारे तरुणही असतात.

आता असा प्रसंग समजा. पिंगळीच्या शिवारात शेततळे खणताना एक जुने पोकलेन अचानक मंदावते. पडद्यावर दिवा लागतो आणि संदेश येतो : इंजिनाकडून माहिती येत नाही. मेकॅनिक येतो, स्कॅनर लावतो, कोड वाचतो आणि निदान करतो, "ईसीएम गेला." ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. महागडा नवा ईसीएम येतो, बसवला जातो. यंत्र दोन दिवस चालते आणि पुन्हा तोच दिवा लागतो. मधल्या काळात कर्जाचा हप्ता काही थांबलेला नसतो.

चूक कोठे झाली? आमच्या मते ती हातांची नसून विचारांची आहे, आणि तिचे एक मूळ आपल्या वर्गात आहे.

आधी यंत्राची रचना समजून घेऊ. आधुनिक यंत्रात इंजिन, हायड्रॉलिक पंप, पडदा अशा प्रत्येक भागाला स्वतःचा छोटा संगणक असतो. प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे वेगळी तार नेली तर तारांचे जंगल होईल. यावर बॉश या जर्मन कंपनीने १९८६ साली 'कंट्रोलर एरिया नेटवर्क', म्हणजेच 'कॅन', ही पद्धत जगापुढे मांडली. तिच्यात सर्व संगणक दोनच तारांच्या एका जोडीवर बोलतात. जड वाहनांसाठी याच पायावर 'जे १९३९' हे मानक उभे राहिले. त्याच्या मूळ रूपात सेकंदाला अडीच लाख बिट जातात, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला केवळ ४ मायक्रोसेकंद येतात.

शांततेत दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. बोलताना एक तार ३.५ पर्यंत चढते, दुसरी १.५ पर्यंत उतरते. ऐकणारा संगणक फक्त दोहोंमधला फरक पाहतो. तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असल्याने बाहेरचा विद्युत-गोंगाट दोघींवर जवळजवळ सारखाच येतो आणि फरकातून वजा होतो. जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तसा तारेच्या मोकळ्या टोकावरून संकेत परत फिरतो. तो परतू नये म्हणून हे रोध.

येथे नववीचा विद्यार्थी हात वर करील. हे दोन रोध समांतर जोडणीत आहेत. म्हणून परिणामी रोध ६० ओहम! बॅटरी सोडवून या दोन तारांमध्ये मल्टीमीटर धरला, तर ६० च्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला, तर एक टोक तुटले आहे किंवा मुख्य तार मध्येच खंडित आहे. ४० आला, तर कोणी तरी तिसरा रोध जोडला आहे. शून्याच्या जवळ आला, तर दोन तारा एकमेकींना टेकल्या आहेत. निदानाची पहिली पायरी एवढीच आहे आणि तिला साध्या मल्टीमीटरखेरीज काही लागत नाही.

मग ती का गाळली जाते? कारण कोडला आपण निकाल समजतो. 'जे १९३९' मध्ये दोषाचा प्रकार सांगणारा एक अंक असतो. त्यातील ९ चा अर्थ 'माहिती ठरल्या वेळी येत नाही' असा आहे. 'पाठवणारा बिघडला' असा नाही. हाक ऐकू आली नाही, म्हणजे हाक मारणारा मेला असे होत नाही. तो गप्प असेल, वाट तुटली असेल किंवा ऐकणारा बहिरा असेल. कोड लक्षण सांगतो. कारण आपल्याला शोधावे लागते.

जुन्या यंत्रात तर वाटेवरच संशय अधिक घ्यायला हवा. कपलरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात, उंदीर तारा कुरतडतात, सततच्या हादऱ्यांनी आवरण घासते, आधीच्या मालकाने ट्रॅकर बसवताना तारा कापून टेपने गुंडाळलेल्या असतात. असा सांधा यंत्र उभे असताना ६० ओहम दाखवील आणि खणायला लागताच दगा देईल. म्हणून तारा हलवत हलवत मोजावे लागते. शिवाय ६० आकडा म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. मुख्य जोडीपासून एखाद्या संगणकाकडे जाणारी शाखा तुटली, किंवा त्याचा वीजपुरवठा अथवा अर्थिंग गेले, तरी आकडा ६० च राहू शकतो. तेव्हा पुढची मोजमापे करावीत, आणि सर्वांत शेवटी ईसीएमवर बोट ठेवावे.

सगळा दोष मेकॅनिकवर ढकलणे मात्र अन्यायाचे होईल. वायरिंगचे नकाशे आणि निदानाची साधने पुष्कळदा उत्पादकांच्याच हाती राहतात. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात 'दुरुस्तीचा हक्क' पोर्टल सुरू केले. त्याच्या चार क्षेत्रांत शेती-अवजारे आणि मोटारवाहने आहेत, बांधकाम-यंत्रांचे वेगळे नाव नाही. 'जुनी लोखंडी यंत्रेच बरी' हा सूरही आम्हाला पटत नाही. इंधन आणि धूर यांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने आलेला काटेकोरपणा सोडून देण्यासारखा नाही.

उरतो तो आपला वर्ग. २०१७ साली आलेल्या नववीच्या पाठ्यपुस्तकात 'धाराविद्युत' या पाठात समांतर जोडणी नीट समजावली आहे. पण आपण बहुतेक एकाच दिशेने विचारतो : रोध दिले आहेत, परिणामी रोध काढा. आयुष्य उलट विचारते : आकडा हा आला आहे, आत काय घडले असेल? या उलट्या प्रश्नाला अनेक उत्तरे संभवतात, त्यांतली पुढच्या मोजमापाने गाळावी लागतात. विज्ञानाची पद्धत म्हणतात ती हीच.

वर्गात हे सहज करता येईल. १२० ओहमचे (तपकिरी, लाल, तपकिरी पट्ट्यांचे) तीन रोध आणि दोन लांब तारा घ्या. दोन रोध दोन टोकांना जोडा. एका गटाने मधला भाग पुठ्ठ्याखाली झाकून गुपचूप एक दोष करावा : तार तोडावी, तारा टेकवाव्यात किंवा तिसरा रोध जोडावा. दुसऱ्या गटाने केवळ टोकांवर मोजून तो ओळखावा आणि प्रत्येक मोजमापाआधी 'हे का मोजतो' ते वहीत लिहावे. रोध मोजताना परिपथात सेल नसावा, एवढे पथ्य पाळावे.

यांतले एखादे मूल उद्या पिंगळीच्या शिवारात बंद पडलेल्या यंत्रापुढे उभे असेल. नवा ईसीएम मागवण्याआधी त्याने मल्टीमीटर काढला, तर एका कुटुंबाचे काही हप्ते वाचतील.