सोंगांच्या गर्दीतला पैलवान

कुस्तीवर, तीही अमेरिकेतल्या लुटुपुटूच्या कुस्तीवर, वाङ्मयीन अंकात लिहिण्याचे काय प्रयोजन, असे काही वाचक विचारतील. आम्हालाही हा प्रश्न पडला होता. पण जिथे माणसे वेष घेतात, भूमिका वठवतात आणि समोर प्रेक्षक बसलेला असतो, तिथे समीक्षेला मज्जाव असू नये असे आम्हाला वाटते. नाटकाची समीक्षा होते, लोकनाट्याची होते, कव्वालीच्या मुकाबल्याचीही होते. मग निकाल अगोदरच ठरलेल्या कुस्तीची का होऊ नये? उर्दूत अशा कुस्तीला 'नूरा कुश्ती' म्हणतात आणि हा शब्द आपण राजकारण्यांसाठी सर्रास वापरतो. मूळ वस्तूकडे मात्र कुणी गांभीर्याने पाहत नाही.

निमित्त वर्गातले आहे. आमच्या हजेरीपटावर शेख आडनावाची मुले नेहमीच भरपूर असतात. त्यांतल्या अंगाने भरलेल्या आणि जरा पाय ओढत चालणाऱ्या एका मुलाला बाकीच्यांनी 'आयर्न शेख' असे नाव पाडले. कुणीतरी मोबाईलवर जुनी कुस्ती पाहिली होती. आम्ही पोरांना रागे भरलो. पण आमच्या लहानपणी आम्हीही कुस्तीगिरांच्या चित्रांचे ट्रम्प कार्ड खेळलो होतो, तेव्हा फार रागावण्याचा अधिकार आम्हाला नव्हताच. घरी येऊन ती कुस्ती शोधून काढली आणि चार-पाच वेळा पाहिली.

१ एप्रिल २००१. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात अ‍ॅस्ट्रोडोम या अवाढव्य बंदिस्त मैदानात 'रेसलमेनिया'चा सतरावा सोहळा होता. प्रेक्षक ६७,९२५. शेवटची लढत रॉक आणि स्टीव्ह ऑस्टिन यांची. हा सोहळा या धंद्यातला सर्वोत्तम मानणारे रसिक पुष्कळ आहेत. त्याच सोहळ्याच्या मध्येच एक विनोदी सामना घुसडलेला आहे, 'गिमिक बॅटल रॉयल'. गिमिक म्हणजे पैलवानाने घेतलेले सोंग. एकोणीस जुने कुस्तीगीर एकदम रिंगमध्ये उतरतात. ज्याला वरच्या दोरावरून बाहेर फेकले आणि ज्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले, तो बाद. शेवटी उरेल तो विजेता. सगळा खेळ तीन मिनिटे आणि वर काही सेकंदांत आटोपला. एकेकजण रिंगपर्यंत चालत आला त्याला याहून जास्त वेळ लागला!

कुस्ती म्हणून हा सामना अगदी टाकाऊ आहे, हे आधीच सांगून टाकतो. एकही धड पकड नाही, डाव नाही, पेच नाही. थकलेली, सुटलेली शरीरे एकमेकांना ढकलतात आणि एकामागून एक दोरावरून खाली घसरतात. पण त्याला विनोदी म्हणून सादर केले असल्याने विनोद म्हणूनच त्याचे माप घ्यायला हवे. आणि तिथेच तो जास्त फसला आहे.

कोण कोण होते पाहा. कचरा उचलणारा ड्यूक ड्रोसी. हप्ते थकले की लोकांच्या वस्तू ओढून नेणारा रेपो मॅन. बर्फावरच्या हॉकीतला दांडगट, गून. विदूषक डोइंक. टीव्हीवर प्रवचने झोडणाऱ्या पाद्र्याची नक्कल करणारा लालबुंद चेहऱ्याचा ब्रदर लव्ह. टर्की कोंबड्याच्या पोशाखातला तो गॉबल्डी गुकर, ज्याला १९९० साली मोठा गाजावाजा करून एका प्रचंड अंड्यातून बाहेर काढले होते आणि प्रेक्षकांनी त्याची यथेच्छ हुर्यो उडवली होती. यादी वाचतानाच हसू येते. अडचण हीच आहे, की सगळे हसू यादीतच संपते.

आपल्याकडे बहुरूपी दारात येतो. पोलिसाचा वेष, हातात दंडुका, खोटे समन्स. वेष पाहून पोरे हसतातच, पण बहुरूप्याची खरी कला पुढे असते. तो दारात उभा राहून काय बोलतो, घरधन्याला कसा अडकवतो, आव न सोडता बिदागीपर्यंत गोष्ट कशी आणतो, यात ती असते. ह्यूस्टनला एकोणीस बहुरूपी दारापर्यंत आले आणि एकालाही तोंड उघडू न देता सगळ्यांना हाकलून दिले. रेपो मॅनने कुणाची वस्तू पळवली नाही, पाद्र्याने कुणाला उपदेश केला नाही. नुसत्या वेषावर भागवलेला विनोद उंबरठ्यावरच मरतो.

त्या दहा-बारा मिनिटांत खराखुरा विनोद करणारे दोघे रिंगच्या बाहेर होते. समालोचक जीन ओकरलंड आणि बॉबी हीनन. दोघेही जुने आणि त्यामुळे येणारा प्रत्येक इसम त्यांच्या ओळखीचा. हीननची जीभ सुरीसारखी. तो येणाऱ्याच्या चालीवर, पोटावर, वयावर एकेक वाक्य फेकतो आणि ओकरलंड सभ्यपणाचा आव आणून त्याला आवरतो. आमचे स्पष्ट मत आहे, की हा सामना डोळे मिटून ऐकावा. तसा ऐकला तर तो बरा आहे.

मग आम्ही तो पुन्हा पुन्हा का पाहिला? शेवट आणि विजेता या दोन गोष्टींमुळे.

त्या रिंगमध्ये सोंगाखालचा माणूस आणि वरचे सोंग यांत जे अंतर होते, त्याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. निकोलाय वोल्कॉफ हा 'रशियन' मूळचा युगोस्लाव्हियातल्या क्रोएशियाचा. 'युगांडाचा रानटी' कमाला हा अमेरिकेतल्याच मिसिसिपी राज्यातला काळा माणूस. त्याला चेहरा रंगवून, कमरेला चामडे गुंडाळून, बोलता न येणारा नरभक्षक बनवले होते. आणि सोबत त्याला आवरायला एक 'किम ची', डोक्यावर गोऱ्या साहेबाची शिकारी टोपी! यावर तिथली मुले मनमुराद हसत होती. पर्वतप्राय अर्थक्वेक हा कॅनडाचा, तरुणपणी जपानमध्ये जाऊन खरी सुमो कुस्ती लढलेला. आणि आयर्न शेख.

त्याचे नाव हुसेन खुसरो अली वजीरी. इराणमधल्या दामगानचा. म्हणजे अरब नव्हेच. 'शेख' ही अरबी पदवी, डोक्याला अरबी रुमाल, हुकमी डावाचे नाव 'कॅमल क्लच' म्हणजे उंटाची पकड, पायांत टोके वळलेले बूट, जे इराणातही कुणी घालत नसेल. आणि तोंडी इराणचा जयजयकार. त्या पोशाखात अरबस्तान, इराण आणि अलीबाबाची सिनेमातली गुहा यांची खिचडी होती. बनवणाऱ्यांना ती खिचडी आहे हे कळत नव्हते असे नाही. समोरच्यांना फरक कळत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

पण याच पोशाखात एक वस्तू अस्सल होती. शेख रिंगमध्ये लाकडाची मोठी जोडी फिरवत असे. ते इराणच्या जोरखान्यातले मील. आपल्या तालमीतले मुद्गल आठवा, गोत्र एकच. पैलवान, कुस्ती हे शब्द आपल्याकडे फारसीतूनच आले आणि तालीम हा अरबीतून. कोल्हापूरचा वस्ताद हा मूळचा उस्तादच. जोरखान्यात मुर्शिद ढोलाच्या ठेक्यावर फारसी काव्य गातो, पैलवान त्या ठेक्यावर मील फिरवतात, आणि पैलवानाने ताकदीबरोबर जवाँमर्दी बाळगावी अशी अपेक्षा असते. २०१० साली युनेस्कोने ही परंपरा आपल्या वारसा-यादीत घेतली. अमेरिकन प्रेक्षक त्या मीलांना हुर्यो करत होते. आपल्या तालमीतला कुणी तिथे असता तर त्याने दाद दिली असती.

वजीरी खराच पैलवान होता. त्याचा आदर्श गुलामरझा तख्ती. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकचा सुवर्णविजेता आणि इराणी जनतेच्या गळ्यातला ताईत. १९६८ साली तख्ती तेहरानच्या एका हॉटेलात मृतावस्थेत सापडला. सरकारने आत्महत्या म्हटले, लोकांचा विश्वास बसला नाही. त्यानंतर वजीरीने देश सोडला. अमेरिकेत १९७१ साली ग्रीको-रोमन कुस्तीत राष्ट्रीय सुवर्णपदक मिळवले आणि १९७२च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकन चमूचा सहायक प्रशिक्षक झाला. मग धंदेवाईक कुस्तीत गेला. १९७९ साली तेहरानमधल्या अमेरिकन दूतावासात माणसे ओलीस धरली गेली, ती ४४४ दिवसांनी सुटली. तो राग अमेरिकेत धुमसत राहिला आणि इराणी सोंगाला त्याने भाव आणला. २६ डिसेंबर १९८३ रोजी न्यूयॉर्कमध्ये शेखने बॉब बॅकलंडला आपल्या पकडीत धरले. बॅकलंडच्या व्यवस्थापकाने टॉवेल फेकला आणि शेख विजेता ठरला. अठ्ठावीस दिवसांनी, २३ जानेवारी १९८४ला, हल्क होगनने त्याला हरवले. होगनच्या सगळ्या वैभवाची सुरुवात तिथून झाली. नायक उभा करायला खलनायक लागतो. ते काम शेखने चोख केले.

आम्ही त्याला बिचारा म्हणणार नाही. सोंग त्याने स्वतः पत्करले, त्यावर संसार चालवला, आणि ते वठवलेही असे की लोक खरोखर चिडत. पण १९९१ची एक गोष्ट मात्र आमच्या घशाखाली उतरत नाही. आखाती युद्धाच्या वर्षी त्याच संस्थेने त्याला कर्नल मुस्तफा या नावाने इराकी म्हणून उभे केले. इराण आणि इराक १९८० ते १९८८ आठ वर्षे एकमेकांचे रक्त सांडत होते, आणि युद्ध संपून तीनच वर्षे झालेली असताना एका इराण्याच्या अंगावर इराकचा लष्करी गणवेश! लिहिणाऱ्याला हा विनोदही वाटला नसेल. त्याच्या लेखी सगळे एकच.

आता ह्यूस्टनकडे परत येऊ. २००१ साली शेख साठीच्या उंबरठ्यावर होता. गुडघे, घोटे निकामी झालेले. रिंगपर्यंत तो इतका सावकाश चालत आला, की हीनन म्हणाला, हा पोहोचेपर्यंत अडतिसावा रेसलमेनिया उजाडेल. सामना सुरू झाला, सोंगे एकेक करून दोरावरून खाली गेली, शेवटी शेख आणि केंटकीचा खेडवळ हिलबिली जिम हे दोघेच उरले आणि शेखने जिमला बाहेर काढले. ज्याला वीस वर्षे हुर्यो मिळाली, तो जिंकला आणि लोक आनंदाने हसले. त्यामागचे कारण कुस्तीच्या वर्तुळात उघड आहे. वरच्या दोरावरून जमिनीवर पडणे त्याच्या शरीराला झेपले नसते. बाद करायचे तर त्याला पाडावे लागले असते, म्हणून त्यालाच जिंकवले.

तख्तीविषयी इराणात एक गोष्ट सांगतात. प्रतिस्पर्ध्याचा एक गुडघा दुखावलेला आहे हे कळल्यावर त्याने त्या पायाला हात लावला नाही, आणि सामना गेला तरी चालेल असा लढला. ही गोष्ट शाळेत सांगितली की मुले गप्प होतात. ह्यूस्टनच्या त्या टाकाऊ तीन मिनिटांत, ठरवून केलेल्या खोट्या निकालात, कुणीतरी तख्तीच्या चेल्याचा गुडघा वाचवला होता. ज्यांनी त्याला वळलेले बूट घातले, त्यांनीच. हे त्यांनी माणुसकीने केले की दवाखान्याचा खर्च टळावा म्हणून, याची वाच्यता करण्यात अर्थ नाही. दोन्ही असू शकते. समीक्षक म्हणून मात्र आम्ही इथे अडखळतो. सामन्यातला एकमेव अस्सल क्षण पडद्यामागच्या निर्णयात आहे आणि तो प्रेक्षकाला दाखवलेलाच नाही.

दाखवले ते वेगळेच. विजयी शेखवर सार्जंट स्लॉटर धावून आला आणि त्याला गळफासाच्या पकडीत आवळून आडवे केले. प्रेक्षक खूश, अमेरिकन शिपायाने इराण्याचा हिशेब चुकता केला. १९८४ साली हे दोघे खरेच कट्टर वैरी म्हणून झुंजले होते, ती आठवण जागवायची होती. पण १९९१ साली हाच स्लॉटर इराकचा समर्थक बनून त्याच मुस्तफाच्या खांद्याला खांदा लावून लढला होता, हे मैदानात कुणालाच आठवत नव्हते, किंवा आठवून चालणार नव्हते. (२००५ साली शेखचा सन्मान झाला तेव्हा त्याची ओळख करून द्यायला व्यासपीठावर होता तोही स्लॉटरच!)

त्या एप्रिलमध्ये इराणी माणूस जिंकणे हसण्यावारी नेता आले. पुढे पाच महिन्यांनी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. २००४ साली याच संस्थेने मुहम्मद हसन नावाचे नवे सोंग काढले, वठवणारा इटालियन वंशाचा अमेरिकन. २००५च्या जुलैत लंडनला स्फोट झाले त्याच दिवशी त्याचा बुरखेधारी साथीदारांसह केलेला हल्ला टीव्हीवर दाखवला गेला आणि ते सोंग गुंडाळावे लागले. त्यात विनोद औषधालाही नव्हता. त्याच्याशेजारी ठेवले तर ह्यूस्टनचा टाकाऊ सामना निरागस भासतो, हे आम्ही नाइलाजाने कबूल करतो.

वर्गातल्या त्या मुलांना आम्ही मीलांची, तख्तीची आणि १९७१च्या पदकाची हकिगत सांगितली. टोपणनाव गेले नाही. फक्त ज्याला ते पाडले होते, त्याने दुसऱ्या दिवशी विचारले, "सर, तो खरं खेळला असता तर या सगळ्यांना पाडलं असतं का?" आम्ही म्हणालो, तरुणपणी, नियमाने, चटईवर, बहुतेकांना. त्याला ते पुरेसे वाटले असावे.

हीननच्या वाक्याचे पुढे काय झाले तेही सांगतो. अडतिसावा रेसलमेनिया २०२२च्या एप्रिलमध्ये पुन्हा टेक्सासमध्येच भरला. हीनन २०१७ साली गेला, ओकरलंड २०१९ला, वोल्कॉफ २०१८ला, कमाला २०२०ला. आयर्न शेख तेव्हा हयात होता. त्याचे निधन ७ जून २०२३ रोजी झाले.