द्यूतगृह, वस्ती आणि शेजाऱ्यांचा अधिकार : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक परीक्षण

द्यूतगृह असावे की नसावे, हा प्रश्न एक. असल्यास ते कोणाच्या दाराशी असावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न दुसरा. पहिला नीतीचा व महसुलाचा, दुसरा शेजाऱ्यांचा. महाराष्ट्रात पहिल्याचा ऊहापोह पुष्कळ झाला. दुसरा उपेक्षित राहिला. १९७६ साली राज्याने कॅसिनोंचे नियंत्रण व त्यांवरील कर यांविषयी अधिनियम केला. परंतु तो अंमलात आणणारी अधिसूचना कधीच निघाली नाही आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे कॅसिनोचा प्रश्न मिटला. शेजाऱ्यांच्या अधिकाराचा मात्र मिटला नाही. बीडसारख्या जिल्ह्यात तो कॅसिनोच्या नव्हे, तर परवानाधारक मद्यविक्रीच्या रूपाने उभा राहतो.

द्यूताच्या स्थानाचा विचार आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याच्या मते द्यूताध्यक्षाने द्यूत एकाच नियत ठिकाणी चालवावे व अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करावा. जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच राजाने घ्यावेत. या व्यवस्थेचा हेतू गुप्त मार्गाने उपजीविका करणाऱ्यांचा शोध हा आहे. येथे स्थान आहे, कर आहे, पाळत आहे. शेजारी मात्र नाही. गोव्याच्या कायद्यातही हीच दृष्टी दिसते. तेथे यांत्रिक जुगारास पंचतारांकित हॉटेलांत आणि पुढे पटावरील खेळांस जहाजांवर मुभा मिळाली. हॉटेलाची प्रत पाहिली गेली, वस्तीची प्रकृती नव्हे. मांडवीतील जहाजे पणजीच्या अगदी समोर उभी राहिली आणि नदीकाठच्या नागरिकांचा विरोध कायद्याबाहेरचा आवाज ठरला.

या उणिवेचे मूळ अधिकारविभागणीत आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार पैज व जुगार हा विषय राज्याचा. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत भूमिवापराचे नियमन हा विषय नगरपालिकांकडे सोपविण्याजोगा मानला आहे. म्हणजे व्यवसायाचा परवाना एकाकडे, जमिनीचा विचार दुसऱ्याकडे. आणि परवाना देणाऱ्यास त्या गल्लीत राहावे लागत नाही.

यावर उपाय म्हणून कायद्याने अंतराचा आश्रय घेतला. २०१६ च्या नृत्यबार अधिनियमाखालील नियमांत शैक्षणिक व धार्मिक स्थळांपासून एक किलोमीटर अंतराची अट होती. मुंबईत अशी जागाच मिळणे अशक्य, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती अट रद्द केली. निर्णय मुंबईच्या दृष्टीने समजण्याजोगा आहे. तथापि, पाटोदा किंवा धारूर यांसारख्या गावी त्याच एका किलोमीटरात बरीचशी वस्ती सामावते. अंतर हे मोजमाप आहे, मत नव्हे. ते वस्तीची संमती विचारीत नाही.

संमती विचारणारी पद्धत महाराष्ट्रात एकच ठळकपणे दिसते : मद्याचे दुकान बंद करण्यासाठीचे मतदान. २००८ च्या आदेशानुसार गावातील अथवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेता येते. यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘बाटली आडवी’ या बाजूने पडल्यास दुकान बंद होते. ब्रिटनच्या २००५ च्या द्यूतविषयक कायद्यात परवान्याच्या अर्जावर जवळच्या रहिवाशास म्हणणे मांडता येते आणि स्थानिक संस्थेस कॅसिनो परवाने मुळीच न देण्याचा ठराव करता येतो. तेथे शेजारी आधी बोलतो. महाराष्ट्राच्या या पद्धतीत तो दुकान थाटल्यानंतर बोलतो. तरीही ही पद्धत तत्त्वतः श्रेष्ठ होय, कारण ती उपद्रव सोसणाऱ्या स्त्रीलाच निर्णायक मानते.

परंतु बीड जिल्ह्यात या श्रेष्ठतेस एक मोठा छेद जातो. दसऱ्याच्या सुमारास जिल्ह्यातील लक्षावधी ऊसतोड मजूर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. बहुमत झालेल्या मतदानावर नव्हे, संपूर्ण यादीवर मोजले जात असल्याने कारखान्याच्या तळावरील खोपीत राहणाऱ्या स्त्रीचे न पडलेले मत दुकानाच्या बाजूने जमा होते. जिच्या घरातील हंगामाची उचल दारूत जाण्याचे भय सर्वाधिक, तिचेच मौन दुकानाचे रक्षण करते. विकास योजनेच्या मसुद्यावर ठरलेल्या मुदतीत हरकत घेण्याच्या अधिकाराचीही तीच गत होते.

थोड्या मतांवर कोणाचा व्यवसाय बुडू नये, म्हणून उंच मर्यादा हवी, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मर्यादा उतरविण्यापेक्षा मतदानाचा काळ बदलणे अधिक न्याय्य ठरेल. वैशाख-ज्येष्ठात, गाव भरलेले असताना, कौल घेतल्यास यादी तीच राहील, मर्यादा तीच राहील. फक्त यादीतील नावांना माणसे मिळतील. वस्तीचा अधिकार केवळ नकाशावर आखून चालत नाही, तो पंचांगावरही आखावा लागतो, हे बीडचे उदाहरण स्पष्ट करते.