‘एनी’ म्हणजे किती?

इंग्रजीतील परिमाणवाचक शब्दांत ‘एनी’ इतका निरुपद्रवी दिसणारा शब्द विरळा. होकारार्थी वाक्यात ‘सम’ आणि नकारार्थी वा प्रश्नार्थी वाक्यात ‘एनी’ घालावा, एवढा नियम आपण शाळेत पाठ करतो आणि पुढे जन्मभर कचेरीच्या मसुद्यांतून त्याची पेरणी करीत राहतो. परंतु हा शब्द एक दर्शवितो, काही दर्शवितो की सर्व दर्शवितो, हे नुसत्या शब्दाकडे पाहून सांगता येत नाही. नकाराशी त्याची गाठ पडली तर तो शून्यावरही येऊन ठेपतो.

मौज अशी की, व्युत्पत्तीने पाहू गेल्यास हा शब्द ‘एक’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून निघालेला आहे. त्याची नाळ संख्येशी जोडलेली आहे. आमच्या मराठीने याच कामासाठी निराळी वाट धरली. ती ‘कोण’, ‘काय’, ‘कोणता’ असे प्रश्न विचारते आणि त्यांना ‘ही’ जोडून उत्तर मोकळे सोडून देते. ‘कोणीही यावे’ म्हणजे ‘कोणी यावे?’ या प्रश्नाचे उत्तर येणाऱ्याने द्यावे. इंग्रजी शब्द मोजतो, मराठी शब्द निवड दुसऱ्यावर सोपवितो. या सोपविण्यात कधी औदार्य असते, कधी वैताग. ‘कोणीही यावे आणि टिकली मारून जावे’ या म्हणीतील ‘कोणीही’ स्वागताचा नव्हे, हे सांगावयास नको. ‘काहीही’ तर आता बोलीत ‘निरर्थक’ याच अर्थी अधिक चालतो. ‘एनी’ला ही चव नाही, आणि ‘एनी’ दिसला की डोळे मिटून ‘कोणताही’ लिहिणाऱ्या भाषांतरकारास ती कळतही नाही.

चांगले मराठी पुष्कळदा ‘एनी’ गिळून टाकते. घरी चहा आहे का, असे आपण विचारतो. ‘कोणताही चहा आहे का’ असे विचारीत नाही. अर्जातील ‘इफ एनी’ला हिंदीत ‘यदि कोई हो’ असे तीन शब्द लागतात. मराठीचे काम एका ‘असल्यास’ने भागते. आणि सभेच्या कार्यक्रमपत्रिकेतील ‘एनी अदर बिझनेस’चे ‘आयत्या वेळचे विषय’ ज्या अनामिकाने केले त्याला आम्ही मनोमन वंदन करतो. त्यात ‘एनी’ कोठेच नाही, आणि तरीही सभेस नेमके काय अभिप्रेत आहे ते सारे आहे.

तथापि जेथे ‘एनी’ गिळताही येत नाही आणि टाकताही येत नाही असे एक क्षेत्र आहे, ते म्हणजे कायदा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. मूल्याने पाहता चलनातील सुमारे ८६ टक्के नोटा त्या होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे आले आणि वादातील एक प्रमुख मुद्दा या चिमुकल्या शब्दाचाच ठरला. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातील कलम २६, पोटकलम (२) म्हणते की, बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारला ‘एनी’ मूल्याच्या नोटांची ‘एनी’ मालिका चलनातून रद्द करता येईल. एखाद्या मूल्याच्या सगळ्याच मालिका या शब्दांत येतात काय? याचिकाकर्ते म्हणाले, येत नाहीत; येथे ‘एनी’ म्हणजे ‘काही’. तसे नसते तर १९४६ साली वटहुकूम आणि १९७८ साली वटहुकूम व पाठोपाठ कायदा करण्याचे प्रयोजनच काय होते?

२ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला. बहुमताचे निकालपत्र अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी लिहिले: ‘एनी’ला संकुचित अर्थ देता येणार नाही, त्यात ‘सर्व’ सामावलेला आहे; एका मूल्याच्या बाकी मालिका रद्द करून एखादी तेवढी चालू ठेवावयाची म्हणजे गोंधळच. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी भिन्न मत दिले. ‘एनी’ म्हणजे ‘सर्व’ असे धरले तर सर्व मूल्यांच्या सर्व मालिका एका अधिसूचनेने रद्द होऊ शकतील, इतका निरंकुश अधिकार त्या पोटकलमात वाचता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. कोणता निर्णय योग्य हा आमचा प्रांत नव्हे, आणि सेवानियमांनीही तो आमचा ठेवलेला नाही. भाषेचा विद्यार्थी म्हणून एवढेच दिसते की, दोन्ही बाजूंनी शब्दाला त्याच्या टोकापर्यंत ताणून पाहिले आणि दोन्ही टोकांना तो तुटला नाही.

आता हेच वाक्य मराठीत आणू पाहा. ‘सिरीज’ हा इंग्रजी शब्द एकवचनात व अनेकवचनात सारखाच. योगायोगाने ‘मालिका’ही तसाच. पण मराठी विशेषण लपू देत नाही. ‘कोणतीही मालिका’ लिहिले की एकवचन झाले, ‘कोणत्याही मालिका’ लिहिले की अनेकवचन. इंग्रजीत जो प्रश्न न्यायमूर्तींसाठी शिल्लक राहिला, तो मराठीत भाषांतरकाराच्या टेबलावरच अर्धामुर्धा निकालात निघतो, आणि निकाल देणाऱ्याला आपण निकाल दिला हे ठाऊकही नसते. म्हणून अधिनियमांच्या अनुवादाला ‘नुसते भाषांतर’ म्हणण्याची जी कचेरीतील रीत आहे ती आम्हांस मान्य नाही. ‘एखादी’ लिहिणारा एका पक्षाचा वकील होतो, ‘सर्व’ लिहिणारा दुसऱ्याचा. आणि आमच्या मते त्यांतल्या त्यात प्रामाणिक असलेली ‘कोणतीही’ सुद्धा मुळाइतकी तटस्थ नाही.

यावर कोणी म्हणेल की, १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या तेराव्या कलमाप्रमाणे एकवचनात अनेकवचनाचा समावेश होतोच, तेव्हा एवढी चिकित्सा कशाला? खरे आहे. मात्र विषयात किंवा संदर्भात त्याला विरोधी असे काही नसेल तरच, अशी अट तेथेही घातलेली आहे. आणि संदर्भात काय आहे याविषयीच तर पाच न्यायमूर्तींचे एकमत होऊ शकले नाही.