सूडपट, मुबालगा आणि हिशेब

सूडाच्या चित्रपटांवर चर्चा सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो : असे प्रत्यक्षात कधी घडते का? एकटा नायक शंभर जणांना लोळवतो, हे पटण्यासारखे आहे का? त्यावर दुसरा कोणीतरी म्हणतो, अहो, सिनेमा आहे तो, करमणूक म्हणून पाहा. मला वाटते, हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो, आणि उत्तर तर निव्वळ सोयीचे आहे.

उर्दू शिकवणाऱ्याला अतिशयोक्तीचे वावडे असून चालत नाही. अमीर हमजाच्या दास्तानमध्ये तिलिस्म आहेत, जादूगारांच्या फौजा आहेत; अमर अय्यारच्या झोळीत तर अख्खी दुनिया मावते. मीर अनीस (१८०३-१८७४) यांच्या मरसियांत तलवार विजेसारखी कोसळते. याला आपण मुबालगा म्हणतो. कर्बलाची लढाई इ.स. ६८० मधली, पण अनीस यांच्या मरसियांतल्या स्त्रिया १९ व्या शतकातल्या लखनौच्या घरंदाज बायकांसारख्या वागतात-बोलतात. इतिहासाच्या काट्यावर हे टिकणार नाही. तरीही मजलिसीत ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. तहानलेले मूल आणि भावाची वाट पाहणारी बहीण यांचे दुःख त्याला खरे वाटते. तलवारीच्या वर्णनात कवीला सूट आहे. दुःखाचा हिशेब मात्र त्याला चोख द्यावा लागतो.

हीच कसोटी सूडपटांना लावून पाहू. संदीप रेड्डी वांगा यांचा 'अ‍ॅनिमल' (२०२३) घ्या. मुखवटे घातलेले मारेकरी, कुऱ्हाडी, मग भली मोठी मशीनगन, आणि त्याच गदारोळात 'डॉल्बीवाल्या' हे मराठी गाणे. हा सारा थाट आहे आणि थाट म्हणून तो झकास जमला आहे. तिथे वास्तव शोधणे व्यर्थ आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. या हाणामारीनंतर नायकाच्या जखमांना, त्याच्या आजारपणाला चित्रपट भरपूर वेळ देतो. जे मेले त्यांचे पुढे कोणी नाव काढत नाही. आणि भांडण मुळात एकाच घराण्यातले, जुन्या अपमानाचे असताना, खलनायकाच्या शाखेने इस्लाम स्वीकारला होता असे सांगितले जाते. त्याला तीन बायका दिल्या जातात. कथेला या तपशिलाची काय गरज होती? बंदुकीच्या बाबतीत ज्याने वास्तवाशी नाते तोडले, तोच खलनायक रंगवताना खऱ्या जगातल्या एका समाजाची खूण उसनी घेतो. मग 'हा फक्त सिनेमा आहे' ही ढाल त्याला पुरत नाही.

हा चित्रपट केवळ प्रौढांसाठी होता. तरी मोबाईलच्या कृपेने आमच्या बाळकुमची पोरेही त्यातली मारामारी हावभावांसह करून दाखवतात. मशीनगन खोटी आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते. खलनायकाच्या नावाबद्दल मात्र ती काही विचारत नाहीत. ते त्यांनी गृहीत धरलेले असते, आणि मला काळजी त्याचीच वाटते.

याचा अर्थ पडद्यावर मुसलमान वाईट दाखवूच नये, असा नाही. श्रीराम राघवन यांचा 'बदलापूर' (२०१५) पाहा. आपल्या कल्याणपुढचे हे स्टेशन. घाट चढण्यापूर्वी इथे घोडे बदलत म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. चित्रपटाने त्यातला 'बदला' सूडाच्या अर्थाने उचलला. पुण्यातल्या बँक दरोड्यात रघूची बायको आणि लहान मुलगा मारले जातात. दरोडेखोराचे नाव लायक मोहम्मद तुंगरेकर. असे आडनाव ऐकताच कोकणी मुसलमान प्रेक्षक सावरून बसेल. लायक चोर आहे, खोटारडा आहे, खुनी आहे. पण नवाजुद्दीन सिद्दीकीने साकारलेल्या या लायकला आई आहे, विनोदबुद्धी आहे, तुरुंगातून पळण्याचे वेड आहे आणि शेवटी कॅन्सर आहे. त्याच्या धर्माने कथेत काहीच सिद्ध होत नाही. उलट, सूडाने पेटलेला रघू हातोडीने दोन जीव घेतो, आणि तो गुन्हा मरणाच्या दारातला लायक स्वतःच्या माथी घेतो. कोण माणूस राहिला आणि कोणाचे जनावर झाले, हे प्रेक्षकाने ठरवायचे.

'बदलापूर'ही सर्वस्वी वास्तव नाही. सूडासाठी १५ वर्षे दबा धरून बसणे हा मुबालगाच आहे. त्यात मोठी उणीवही आहे : रघूच्या सूडाची किंमत झिमली आणि कांचन या दोघी स्त्रिया मोजतात, पण त्यांची बाजू त्यांच्या तोंडून फारशी येत नाही. मात्र सूड घेतल्यावर हाती काय उरते, हे रघूच्या रिकाम्या चेहऱ्यावर दाखवायला हा चित्रपट कचरत नाही.

म्हणून सूडपटात रक्त खरे वाटते की रंगाचे, यावर वेळ घालवू नये. दिग्दर्शकाला हवा तेवढा मुबालगा करू द्यावा. आपण दोन गोष्टी तपासाव्यात : मेलेल्याला माणूस मानले आहे का, आणि मारणाऱ्याने काय गमावले ते दाखवले आहे का. मुलांना कवितेतला मुबालगा ओळखायला आपण शिकवतोच. पडद्यावरचा मुबालगा कुठे संपतो आणि खोटी साक्ष कुठे सुरू होते, हेही शिकवायला हवे. पाठ्यपुस्तकात तो धडा नाही. तो घरात आणि वर्गात आपल्यालाच घ्यावा लागेल.