‘गिडिअन द नाइन्थ’: दोषांसकट आवडलेली कादंबरी

टॅम्सिन म्यूर या न्यूझीलंडच्या लेखिकेची ‘गिडिअन द नाइन्थ’ ही पहिली कादंबरी २०१९ साली आली. २०२० मध्ये तिला पहिल्या कादंबरीसाठीचा लोकस पुरस्कार मिळाला. नऊ घराणी, अमर सम्राट, अवकाशयानं आणि जोडीला हाडांचे सापळे उठवणारी मंत्रविद्या, असा सगळा मामला. नारायण धारप वाचत वाढलेल्यांना ही सरमिसळ नवी नाही. खटकते ती भाषा.

गिडिअन ही अठरा वर्षांची तलवारबाज. बोलते कशी, तर दिवसभर मोबाइलवर मीम फिरवणाऱ्या पोरांसारखी! सम्राटाच्या राज्याला दहा हजार वर्षं झालेली, मुलगी वाढली काळोख्या ग्रहावरच्या मठात. मग आजच्या इंटरनेटवरचे विनोद तिच्याकडे आले कुठून? या पुस्तकात तरी याचं उत्तर नाही. शिवाय सुरुवातीला इतकी नावं अंगावर येतात की पुन्हा पुन्हा पात्रांची यादी बघावी लागते. खुनांचा तपासही मध्येच रेंगाळतो.

तरी आम्ही ही कादंबरी आवडीनं वाचली, आणि ती भाषेकडे काणाडोळा करून नव्हे. कनान हाउस या पडक्या वाड्यात जाताना हॅरो, म्हणजे घराण्याची वारसदार आणि गिडिअनची लहानपणापासूनची वैरीण, तिला बजावते: तोंड उघडायचं नाही, मौनव्रत आहे असं दाखवायचं. झालं! पुढं कितीतरी पानं गिडिअनची थट्टा तिथं कुणालाच ऐकू जात नाही. ऐकतो फक्त वाचक. इंटरनेटवरचा विनोद टाळी घेण्यासाठी असतो. इथं टाळी द्यायला कुणी नाही. जिच्या घराण्यात हॅरोशिवाय तिच्या वयाचं दुसरं कुणी नाही, अशी ही मुलगी स्वतःलाच सोबत करते आहे. हे लक्षात आलं की तीच चावट वाक्यं एकटी वाटू लागतात. शेवट सांगत नाही. एवढंच, की जिवावर बेतलं तरी ती थट्टा सोडत नाही, आणि तिथं आम्हाला हसू आलं नाही.

भव्य विषयाला भारदस्त भाषाच हवी, हा आपला जुना आग्रह. लोणावळ्यात बोलतो आहोत, तर जवळचं कार्ल्याचं चैत्यगृह आठवा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं एवढं मोठं काम, पण खांबांवरचे लेख आहेत प्राकृतात, आणि मजकूर बहुतेक एवढाच: धेनुकाकटच्या अमक्याचं हे दान. त्यानं चैत्याची उंची कमी झाली का? अर्थात हा दाखला पुरता लागू पडत नाही. ते प्राकृत त्या काळातलं होतं. गिडिअनचे विनोद तिच्या काळातले नाहीत. तो दोष, दोषच राहतो.

पण ‘भाषा हलकी आहे’ एवढं म्हणून समीक्षेनं थांबू नये. ती भाषा कोण, कुणाशी आणि कशासाठी बोलतं आहे, हेही विचारावं. सुरुवातीलाच वैताग आला असेल, त्यांनी मौनव्रताच्या प्रसंगापर्यंत तरी जावं. त्यानंतर पुस्तक मिटावंसं वाटलं, तर खुशाल मिटा.